चर्चगेटचं चर्च लंडनमध्ये आठवलं

गेल्या वर्षी तीन महिने लंडनला मुलाकडे होते. मुलगा-सून कामावर गेले, की दिवस खायला उठायचा. "आई, घरात बसू नकोस, ट्रॅफल्गार स्क्वेअर बघून ये," म्हणत लेकाने एक दिवस मला बसमध्ये बसवून दिलं.

चौकात उतरले आणि पाऊस आला. समोर उंच खांबांचं चर्च, दार उघडं. आत जावं का? तिकीट असेल का? आपण गेलेलं चालेल का? शेवटी ओढणी सावरत शिरलेच. कोणी काही विचारलं नाही. कुणीतरी पियानोचा सराव करत होतं. मागच्या बाकावर एक माणूस पिशवी उशाला घेऊन झोपला होता. त्यालाही कोणी उठवलं नाही.

हे सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स. जेम्स गिब्ज या वास्तुकाराची ही इमारत १७२६ मध्ये पूर्ण झाली. गंमत म्हणजे समोरचा चौक त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी तयार झाला! पहिल्या महायुद्धात सैनिक जवळच्या चेरिंग क्रॉस स्टेशनवरून फ्रान्सच्या आघाडीवर जात. तेव्हाचे धर्मगुरू डिक शेपर्ड यांनी त्यांच्यासाठी चर्चची दारं रात्रंदिवस उघडी ठेवली. बेघरांना आधार देण्याचं काम तिथे आजही चालतं. तळघरात कॅफे आहे आणि त्याच्या फरशीत जुन्या थडग्यांचे दगड! जरा बिचकतच चहा घेतला.

रात्री हे सगळं सांगितलं, तर लेक हसला. "आई, तू तीस वर्षं चर्चगेटला उतरायचीस. ते चर्च कुठलं गं?"

मी गप्पच.

मग शोधलं. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ च्या नाताळात खुलं झालेलं. हेही अँग्लिकन परंपरेतलं, पण लंडनच्या त्या चर्चपेक्षा आठ वर्षांनी थोरलं! मुंबईच्या कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे जात, तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजाही गेला, नाव तेवढं राहिलं. माझी बँक तिथून पाच मिनिटांवर होती. रोज संध्याकाळी लोकल गाठायला मी त्याच्यासमोरूनच पळायचे.

परतल्यावर एका दुपारी मुद्दाम गेले. आत गार वाटत होतं. दहा मिनिटं बाकावर बसले, घड्याळ न बघता. बाहेर येऊन लेकाला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "पुढच्या वेळी आलो की मलाही ने."

आता त्याच्या सुट्टीची वाट बघतेय.