साडेपाच हजार सह्यांचा अर्ज

रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या सुट्टीमागच्या १८८४च्या अर्जातल्या उरलेल्या चार मागण्यांकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.

१८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास तेवढे बांधले होते. त्यात सुधारणा हवी का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ साली आयोग नेमला. ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक असलेल्या लोखंड्यांनी सप्टेंबरात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज आयोगापुढे ठेवला. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाल्यास निर्वाहाची सोय.

लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला ना वर्गणी होती, ना सभासदांची नोंद. तरीही एप्रिल १८९०मध्ये दहा हजार कामगार सभेला जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळात स्त्रीने हजारोंपुढे उभे राहून गिरणीतले हाल सांगणे ही मोठ्या धैर्याची गोष्ट होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

हा कायदा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांनीच घडवून आणला, असे मुंबईचे गिरणीमालक म्हणत. त्यात तथ्य होते. मुंबईच्या गिरण्या कमी तास चालल्या, तर मँचेस्टरच्या कापडाला स्पर्धा कमी होणार होती. पण पगार कोणत्या तारखेला होतो, यंत्रात बोटे गेलेल्याच्या घरी चूल कशी पेटते, याच्याशी लँकेशायरला काय देणेघेणे? त्या दोन मागण्या फक्त कामगारांच्या होत्या आणि त्याच सर्वांत जास्त रखडल्या.

कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा १९११ साली आली. १९२०मध्ये मुंबईत आयटक या कामगार संघटनांच्या महासंघाची स्थापना झाली आणि १९२१पासून कामगारनेते ना. म. जोशी कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात बसले. पंधरा-वीस वर्षांत अर्जातल्या उरलेल्या मागण्या मार्गी लागल्या: १९२३चा भरपाई कायदा आणि १९३६चा वेतन कायदा. वेतन कायद्याने पगारासाठी सात तारीख ठरवली, हजार किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांना दहा. अर्जात पंधरा तारीख मागितली होती. ती मागणारे लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईतल्या प्लेगच्या साथीतच वारले होते.