धूर वर जातो, मग जातो कुठे?

थंडीत एकदा आमच्या गटाची बैठक सकाळी सातला ठेवली होती. अंगणात सतरंजी टाकली, पण बसवेना. डोळे चुरचुरत होते. आदल्या संध्याकाळी जवळच्या फडातलं पाचट पेटवलं होतं आणि धूर रात्रभर गावावर बसून राहिला होता. गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांना दमा आहे, त्यांना पहाटेच दवाखान्यात न्यावं लागलं. पाचट पेटवणारं घरही आमच्याच गटातलं. "धूर काय, वर जातो नि विरून जातो," असं त्या वहिनी म्हणाल्या. खरं सांगायचं तर आम्हीही आजवर तसंच समजत होतो. मग आम्ही माहिती काढली. तीच आज तुम्हाला सांगतो.

धूर गरम असतो, म्हणून वर जातो. पण सरळ जात नाही. देवापुढची उदबत्ती बघा. वीतभर धूर दोऱ्यासारखा चढतो, मग वळसे घेतो आणि विस्कटतो. हे हवेतले भोवरे. नदीत असतात तसेच, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत. मोठा भोवरा धुराला ओढून लांब करतो. मोठ्यातून लहान भोवरे निघतात, ते त्याला आणखी बारीक करतात. चहात दूध घालून ढवळलं की आधी पांढऱ्या रेघा दिसतात, मग सगळा रंग एक होतो. दूध नाहीसं झालं का? नाही, पसरलं. धुराचंही तसंच.

दिवसा उन्हानं जमीन तापते, हवा खालून वर उसळते. भोवरे जोरात असतात, धूर उंच जाऊन पातळ होतो. थंडीच्या रात्री उलटं घडतं. जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, तिच्या वर उबदार हवेचा थर येतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. भोवरे मंदावतात आणि धूर झाकणाखाली कोंडतो. संध्याकाळी लावलेली आग सकाळपर्यंत नाकात राहते ती यामुळे.

आता आणखी वर जाऊ. आकाश माडीच्या घरासारखं समजा. ढग आणि पाऊस तळमजल्यावर. आपल्या भागात हा मजला साधारण १६-१७ किलोमीटर उंच आहे. इथला धूर पाऊस धुऊन काढतो. वरच्या मजल्यावर पाऊस नाही. तिथं जसं वर जावं तशी हवा उबदार होत जाते, म्हणून खालची हवा वर, वरची खाली असं ढवळणं फार कमी. वारे आडवे वाहतात आणि धुराला शेवयांसारखं लांब ओढत नेतात.

आपल्या चुलीचा किंवा फडाचा धूर तिथवर चढत नाही. पण २०१९ संपताना ऑस्ट्रेलियात जंगलं पेटली, तेव्हा आगीच्या उष्णतेनंच गडगडाटी ढग तयार झाले आणि त्यांनी धूर वरच्या मजल्यावर फेकला. काळी काजळी ऊन शोषून तापते, त्यामुळे तो धूर आणखी चढत गेला, ३० किलोमीटरच्याही वर. त्यातला एक भोवरा सुमारे १००० किलोमीटर रुंद होता आणि तो जवळजवळ तीन महिने टिकला. जानेवारीत तो धूर समुद्र ओलांडून दक्षिण अमेरिकेत चिली, अर्जेंटिनापर्यंत पोचला. पुढे त्यानं पृथ्वीला फेरा घातला.

म्हणजे धूर विरतो, संपत नाही. कुणाच्या तरी श्वासात जातो, नाहीतर पावसानं खाली येतो.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत मांडलं. त्या वहिनी म्हणाल्या, "पाचट गोळा करायला मजूर कुठून आणू?" प्रश्न रास्त होता. म्हणून असं ठरलं की पाचट गोळाच करायचं नाही. सरीत पसरून तिथंच कुजू द्यायचं. ओल टिकते, तण कमी येतं, मातीला खत मिळतं. पसरायला गटातल्या बायकांनी एकमेकींकडे सावडीनं जायचं. पहिला दिवस त्याच वहिनींच्या रानात झाला. दम्याच्या आजोबांच्या सूनबाईही आल्या होत्या.

तुमच्या गटातही हा विषय काढा. आणि उद्या पहाटे दारात उभं राहून बघा, गावावरचं झाकण दिसतं का.