फासा लपवावा का?

आजचा विषय वरवर खेळकर आहे. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे चार जणांनी भोवती बसून, नुसतं बोलून आणि फासे टाकून रचायची गोष्ट. ती पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर रचताना मोठ्या माणसाने फासा लपवावा का, एवढाच आपला प्रश्न.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर छोट्या प्रतिकृतींची सैन्यं मांडून लढाया खेळायची हौस पाश्चात्त्य देशांत जुनीच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूकडे सैन्य नाही, एकच पात्र. एक जण सूत्रधार होतो. तो सांगतो, "समोर नदी आहे, पूल मोडलाय. काय करणार?" खेळाडू उत्तर देतो, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा पडतो. त्या खेळातला प्रसिद्ध फासा वीस बाजूंचा. लहानांना आपला सहा बाजूंचाच बरा. चार किंवा जास्त पडले तर जमलं, म्हणजे शक्यता निम्मी. वाचता आलं नाही तरी अडत नाही.

बरेच सूत्रधार पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात आणि स्वतःचे फासे त्यामागे टाकतात. भानगड तिथेच होते.

आमच्या घरी दोन नातवंडं खेळत होती, सहा वर्षांची धाकटी आणि दहाचा थोरला. धाकटीचं पात्र म्हणजे एक बोलणारी खार. खार नदीत उतरली आणि मगर आली. आम्ही आडोशामागे मगरीचा फासा टाकला, सहा पडले. धाकटीचे डोळे भरलेले दिसले, तेव्हा आम्ही बेधडक म्हणालो, "दोन! मगर चुकली." थोरला वाकून बघत होता. "आजोबा, सहा पडलेत," तो म्हणाला, आणि बहिणीकडे बघून, "तुला कच्चा लिंबू केलंय." धाकटी चिडली ती मगरीवर नव्हे, आमच्यावर. आडोसा उचलून फेकलाच तिने.

कच्चा लिंबू आपल्यापैकी पुष्कळांनी भोगलेला आहे. त्याला खेळात घेतलेलं असतं, तो धावतोही, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. यात दुष्टपणा नसतो, मायाच असते. पण ज्याला हरता येत नाही त्याचं जिंकणंही कुणी मोजत नाही, आणि हे त्या पोराला बरोबर कळतं.

पियाजे यांनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक गंमत आहे. लहान मुलं नियम मोडत खेळतात, पण विचारलं तर नियम मोठ्यांकडून आलेला, न बदलणारा असं सांगतात. दहाच्या पुढे हळूहळू उमगतं की सगळ्यांनी मिळून ठरवलं तर नियम बदलता येतो. व्हिगॉट्स्की यांनी १९३३च्या व्याख्यानात उलट बाजू दाखवली: कल्पनेतल्या खेळातही नियम दडलेलेच असतात. खार झालेल्या मुलीने खारीसारखंच वागायचं असतं. म्हणजे आमच्या नातीला नियम नको होता असं नव्हेच. तिला तो लागू हवा होता.

कुणी म्हणेल, एवढंसं पोर, रडू द्यायचं का? आम्हालाही ते बघवत नाही. (इथे कांटला बोलावू नका, तो मगरीच्या बाजूने बोलायचा.) पण फासा खोटा सांगणं आणि पैज बदलणं यांत फरक आहे. फासा पडण्याआधी, सगळ्यांसमोर ठरवायचं: मगरीला चार किंवा जास्त पडले तर खारीची पिशवी जाईल, जीव जाणार नाही. हाही नियमच, पण मुलांच्या संमतीने झालेला. मग फासा उघड्यावर टाकायचा आणि जे पडेल ते सोसायचं. पिशवी गेली तर ती परत कशी आणायची, ही पुढची गोष्ट. अपयशाने गोष्ट थांबली तर मूल रडतं. वळण घेतलं तर ते उठून उभं राहतं. आमच्याकडे थोरल्याने सुचवलं की मगरीचा फासा धाकटीनेच टाकावा. तिने तो टाकला, पाच पडले, पिशवी गेली. त्यानंतरचा पाऊण तास ती मगरीशी अक्रोडांच्या बदल्यात सौदा करत बसली. आम्ही ठरवलेला किल्ला आणि राक्षस तसेच राहून गेले.

आता एक प्रश्न आलाय: चार वर्षांचं मूल मध्येच उठून जातं, त्याचं काय? जाऊ द्यावं. फाशावरचे ठिपके मोजायचं काम त्याच्याकडे द्या. परत येईल तेव्हा त्याने मोजलेला आकडा खरा धरायचा, मात्र आपल्याला वेगळा दिसला तर "पुन्हा मोजूया का?" असं सर्वांदेखत विचारायचं. आमच्या अनुभवात पुन्हा मोजायला ती आनंदाने तयार असतात.