संगीताची आवड : जन्मजात की घडविलेली?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संगीत मुळीच न आवडणारा माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु कोणाला कोणते संगीत आवडते, हा प्रश्न निघाला की माणसामाणसांत लगेच भिंती उभ्या राहतात. शास्त्रीय संगीत ऐकणारा तो रसिक, सुसंस्कृत. आणि सिनेमाची गाणी, भीमगीते, आराध्यांची गाणी ऐकणारा तो सामान्य, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजात खोलवर रुजली आहे. वसतिगृहातही तिचा प्रत्यय येतो. 'तुला कोणाचे गाणे आवडते?' असे कोणी विचारले, तर खेड्यातून आलेली मुलगी क्षणभर थबकते आणि मनातले नाव गिळून, चारचौघांत शोभेल असे एखादे नाव सांगून मोकळी होते. स्वतःची आवड सांगण्याचा असा संकोच का वाटावा? आवड रक्तातून येते की कानावर पडणाऱ्या सुरांतून घडते? या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'गाणे रक्तातच असावे लागते' असे आपण नेहमी ऐकतो. येथे प्रतिभा आणि आवड या दोन गोष्टींची गल्लत होते. प्रतिभा जन्मजात असेलही. पण आवडीला प्रथम काहीतरी ऐकावयास मिळावे लागते. पंडित भीमसेन जोशी यांचेच उदाहरण घेऊ. त्यांचे वडील शिक्षक होते. लहानग्या भीमसेनच्या कानावर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातील ठुमरीची ध्वनिमुद्रिका पडली आणि असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या ध्यासाने १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते घर सोडून गुरूच्या शोधात निघाले. पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे त्यांनी विद्या घेतली आणि २००८ साली त्यांना 'भारतरत्न' जाहीर झाले. ती ध्वनिमुद्रिका ऐकणारे सगळेच काही भीमसेन झाले नाहीत, हे खरे. पण ती कानावर पडलीच नसती तर? एवढ्या मोठ्या गायकाच्या आवडीलाही एका तबकडीचे निमित्त लागले, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

म्हणजे मूळ प्रश्न संधीचा आहे. शास्त्रीय संगीत ही विद्या दीर्घकाळ राजदरबार आणि घराणी यांच्या आश्रयाने राहिली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव फिरून घराण्यांतील चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत छापल्या. या दोघांमुळे ही विद्या सर्वसामान्यांच्या दारापर्यंत आली. मात्र सगळ्यांच्या दारापर्यंत ती एकाच वेळी पोचली नाही. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुण्यात १९५३ साली सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू झाला, त्या वेळी आमच्या आजोबांच्या पिढीला अक्षरओळखही झालेली नव्हती. ज्याने मैफल पाहिली नाही त्याला मैफलीची आवड नाही, यात नवल ते काय? न वाढलेल्या पानावरून कोणाच्या भुकेची परीक्षा करू नये.

आवड वरून लादता येत नाही, याचाही एक दाखला देण्यासारखा आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीताचा प्रसार व्हावा, हा त्यांचा हेतू चांगलाच होता. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि मोठमोठ्या कलावंतांचे गायन-वादन घरबसल्या ऐकू येऊ लागले. पण त्याबरोबर सिनेसंगीताला मात्र आकाशवाणीचे दरवाजे जवळजवळ बंद झाले. परिणाम काय झाला? लोकांनी रेडिओचा काटा फिरवला आणि ते सिलोन केंद्रावरील 'बिनाका गीतमाला' ऐकू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला सिनेमाची गाणी लावावीच लागली. पुढे याच विविध भारतीवरील 'संगीत सरिता' या कार्यक्रमात रागाची ओळख करून देताना त्या रागावर बेतलेले सिनेमातील गाणेही ऐकवले जाई. ओळखीच्या गाण्याचे बोट धरून अनोळखी रागापर्यंत नेण्याची ही रीत मला बंदीपेक्षा शहाणपणाची वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. शास्त्रीय संगीत आपल्याला परके आहे, असे आपण गृहीत धरतो. पण आपला कान खरोखर कोरा आहे काय? तुळजापूरच्या भवानीमुळे आपल्याकडे गोंधळ घरोघरी असतो. गोंधळ्याच्या हातातील तुणतुणे पाहा. त्याला एकच तार. ती सारखी एकच स्वर धरून ठेवते आणि त्या स्वराच्या आधारावर नाईक गातो. तानपुऱ्याचे काम तरी याहून निराळे काय आहे? तानपुऱ्याला चार तारा असतात, त्याचा नाद भरदार असतो, हा फरक आहेच. परंतु एका स्थिर स्वराच्या पायावर गाणे उभे करावयाचे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. संभळाची जोडी असते : एकाचा आवाज उंच, दुसऱ्याचा खाली, घुमणारा. तबला आणि डग्गा यांचेही नाते असेच आहे. गोंधळात आधी देवतांना आवाहन होते, मग आख्यान रंगते आणि शेवटी आरती होते. ख्यालगायनातही आरंभी संथ विलंबित लय असते, हळूहळू स्वरांचा विस्तार होतो आणि मग द्रुत लय येते. पहाट होईपर्यंत अंगणात गोंधळाला बसणारा माणूस अर्धा तास चालणाऱ्या विलंबित ख्यालाला कंटाळेल, असे मला तरी वाटत नाही. त्याला फक्त त्या वाटेची ओळख नसते.

माझी आजी नवरात्रात आराध्यांच्या मेळ्यात गात असे. एकीने ओळ म्हणावयाची आणि बाकीच्यांनी झील धरावयाची. अक्षर न वाचता शेकडो ओळी तिच्या मुखात होत्या आणि एकही ओळ ठेक्याबाहेर जात नसे. तेरच्या गोरोबाकाकांचे अभंग गावोगावच्या भजनांत टाळमृदंगावर म्हटले जातात, तेथेही हाच अनुभव येतो. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर हे वारकरी परंपरेतून पुढे आले आणि १९८६ साली 'पद्मश्री' झाले. भजनातला मृदंग आणि मैफलीतला पखवाज यांत मोठी दरी नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

दरी आहे ती मानसन्मानाची. हलगी, संभळ, सनई वाजविणाऱ्यांना गावाने लग्नात, जत्रेत हौसेने बोलावले. त्यांच्या वाद्याशिवाय एकही शुभकार्य झाले नाही. पण पंगतीत त्यांना मानाचे पान मिळाले नाही. त्यांची कला ही कला न मानता त्यांचे 'काम' मानले गेले. एखाद्या संगीताला हलके म्हणताना आपण त्या संगीताला हलके म्हणतो की ते वाजविणाऱ्याला, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून पाहावे.

आता शास्त्रीय संगीत 'कळणे' म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. भूप हा राग सर्वांत सोपा समजतात. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. गंमत अशी की, देसकार रागातही नेमके हेच पाच स्वर आहेत. मग दोन राग वेगळे कसे? भूपात गंधार हा मुख्य म्हणजे वादी स्वर. देसकारात ते स्थान धैवताला. भूपात गायक फिरून फिरून गंधारावर विसावतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराची शांतता उभी राहते. देसकारात वरच्या अंगाला असलेल्या धैवतावर भर पडतो आणि सकाळ झाल्यासारखे वाटते. ज्वारीच्या एकाच पिठाची भाकरीही होते आणि आंबीलही. पीठ तेच, पण रीत निराळी. राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, स्वरांशी वागण्याची ती एक रीत आहे. हे एकदा ध्यानात आले की, ऐकणारा 'आता गायक कोठे थांबेल?' याची वाट पाहू लागतो. ही वाट पाहणे म्हणजेच कान तयार होणे. त्याला सनदेची गरज नाही.

लोकसंगीत आणि शास्त्रीय संगीत यांचे नाते सर्वांत ठामपणे मांडले ते पंडित कुमार गंधर्व यांनी. क्षयरोगामुळे त्यांना काही वर्षे देवास येथे अंथरुणावर काढावी लागली. गाणे बंद झाले. त्या काळात खिडकीबाहेरून येणारी माळव्यातील बायाबापड्यांची गाणी ते ऐकत राहिले. पुढे त्यांनी त्या लोकधुनांचा अभ्यास केला आणि त्यांतून मालवती, लगनगांधार, संजारी यांसारखे नवे राग बांधले. त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत. म्हणजे धुनेतून उगवलेले. रागांचे मूळ लोकधुनांत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या बंदिशी पाहावयास मिळतात. त्यांचे म्हणणे खरे असेल, तर आपल्या आजीच्या गाण्याला शास्त्रीय संगीताने पाहुणी नव्हे, आई म्हणावयास हवे.

आजच्या संगीतालाही एकदम नाके मुरडण्याचे कारण नाही. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने व वसंतराव देशपांडे यांच्या गायनाने गाजले. २०१५ साली त्याचा चित्रपट निघाला आणि घराणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशी माझ्या वयाची कितीतरी मुले त्या वाटेने रागदारीकडे वळली. त्यानंतरच्याच वर्षी 'सैराट' आला. आपल्या परांड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात त्याचे बरेचसे चित्रण झाले. आणि त्याच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत लॉस एंजल्स येथे भव्य वाद्यवृंद वापरला. खेड्यातल्या पोरांच्या प्रेमाला एवढ्या व्हायोलिनांची साथ मिळाली, याचा आम्हांला झालेला आनंद केवळ नाचण्यापुरता नव्हता. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तर आषाढीला विठ्ठलाच्या गाण्यांतून आणि १४ एप्रिलला भीमगीतांतून, असा दोन्ही अंगणांत घुमतो. एका गळ्याने जे जोडले, ते आपण ऐकणाऱ्यांनी का तोडावे?

याचा अर्थ सर्व संगीत सारखेच चांगले, असे मला म्हणावयाचे नाही. आवड म्हटली की नावडही आलीच. लग्नाच्या वरातीत छातीत धडकी भरविणाऱ्या आवाजाच्या भिंती मला सोसवत नाहीत. त्या आवाजात चाल, शब्द, ठेका काहीच उरत नाही आणि आमच्याकडील संभळ-हलगीवाल्यांचा रोजगारही त्या भिंतींनीच बुडविला. उलट, एखादा नामवंत गायक तानांची नुसती आतषबाजी करू लागला की तेथेही माझे मन रमत नाही. मला किशोरीताई आमोणकरांचा भूप आवडतो. भीमसेनांची 'संतवाणी' आवडते. कुमारांची निर्गुणी भजने ऐकताना बोलावेसे वाटत नाही. आणि आराध्यांचे गाणे कानावर आले की हातातले काम थांबते. या आवडींत मला उच्चनीच लावता येत नाही. एक भाकरी आणि एक पाणी. दोन्हींची तहानभूक वेगळी.

कान घडविण्यासाठी फार खर्चही लागत नाही. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमच्याकडे तानपुरा नाही, पेटी नाही. पण आज मोबाइलवर जुन्यातली जुनी मैफल ऐकू येते. महिनाभर एकच राग घ्यावा. आधी त्या रागातील ओळखीचे गाणे ऐकावे, मग छोटा ख्याल, मग विलंबित. तबल्याबरोबर बोटांवर मात्रा मोजाव्यात. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजून समेवर गायकाबरोबर आपणही पोचलो की होणारा आनंद सांगून कळावयाचा नाही. आणि गावी गेल्यावर भजनाला, गोंधळाला नुसते दर्शनाला जावे तसे न जाता, ऐकावयास जावे.

शेवटी मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात पंधरवड्यातून एकदा तासभर श्रवणाचा कार्यक्रम व्हावा. त्यात एका आठवड्याला राग असावा, तर पुढच्या खेपेला आपल्यापैकी कोणाच्या तरी गावचे गाणे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तेवढे नाही, तरी प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या आजीची दहा गाणी ध्वनिमुद्रित करून आणणे अवघड नाही. माझ्या आजीचा आवाज आता थकला आहे. वरचा स्वर लागत नाही, तो ती हाताने दाखविते. ही पिढी गेल्यावर ती गाणी कोणत्याही विद्यापीठात शिकावयास मिळणार नाहीत. सवाई गंधर्व महोत्सवाची ध्वनिमुद्रणे जपणारे पुष्कळ आहेत. आपल्या अंगणातली गाणी जपणारे मात्र आपणच आहोत.