मैफल खासबागेत, गाडी दसरा चौकात

कोल्हापुरात देवल क्लबला मैफल साडेसहाची. सव्वासहाला बिंदू चौक ओलांडून मिरजकर तिकटीकडं गाडी घातली, की पहिला राग संपेपर्यंत तुम्ही स्टिअरिंगवरच ताल धरणार. नवरात्रात तर अंबाबाईच्या दर्शनाची गर्दीही याच रस्त्यांवर असते.

देवल क्लब १८८३ चा, खासबाग मैदान १९१२ चं, पलीकडचं पॅलेस थिएटर (पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं ते) १९१५ चं. गाणं, कुस्ती, नाटक सगळं हाकेच्या अंतरावर. तेव्हाचा रसिक पायी यायचा, फार तर टांग्यातून.

आता हिशेब मांडू. तीनशे श्रोते, गाडीमागं तिघं धरले तर शंभर गाड्या. रस्त्याकडेला एक गाडी लावायला आणि काढायला सहा मीटर तरी लागतात. म्हणजे सहाशे मीटरची सलग रांग, आणि तीही एकाही दुकानाचं, वाड्याचं तोंड न अडवता! गावात एवढा मोकळा रस्ता कुणी दाखवावा. मग जो तो घिरट्या घालतो. अमेरिकेतले अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी १९२७ ते २००१ या काळातल्या सोळा पाहण्या एकत्र मांडल्या, तर गजबजलेल्या भागांतल्या वाहनांपैकी सरासरी ३० टक्के गाड्या नुसती जागा शोधत फिरत होत्या. म्हणजे आपल्याला आडवी येणारी गर्दी बरीचशी आपल्यासारख्यांचीच.

म्हणून गाडी अलीकडंच सोडायची. पुण्याकडून आलात तर तावडे हॉटेल, ताराराणी चौक, मग स्टेशन रोडनं व्हीनस कॉर्नर. तिथला गाडी अड्डा बघायचा, नाहीतर पुढं दसरा चौकाचं मैदान. सणाच्या दिवसांत कुठलं मैदान पार्किंगला खुलं आहे, हे आदल्या दिवशीच्या पेपरात येतं. ते वाचूनच निघावं. बिंदू चौकातलं पार्किंग जवळ खरं, पण सुट्टीत ते पर्यटकांच्या गाड्यांनी आधीच भरलेलं असतं. दसरा चौकातून बिंदू चौकातली जुन्या कोटाची भिंत बघत रमतगमत निघालात तरी वीसेक मिनिटांत खासबाग. सोबत वयस्कर कुणी असेल तर त्यांना रिक्षात बसवून पुढं पाठवा.

मैदानात गाडी लावताना तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. येताना लोक एकेक करून येतात, सुटताना मात्र सगळे एकदम सुटतात. आणि फाटकातून एका वेळी एकच गाडी निघते. दाटीवाटीत पार्किंगवरचा पोरगा हात करून सांगतो, “काका, न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक ओढू नका.” मागच्याला तुमची गाडी ढकलून वाट करता यावी म्हणून. जमीन सपाट असेल तरच त्याचं ऐकावं. पावती पाकिटात ठेवा, आणि जवळच्या एखाद्या पाटीचा फोटो काढा. अंधारात सगळ्या पांढऱ्या गाड्या सारख्याच दिसतात.

गल्लीत लावायचीच असेल तर सम-विषम तारखेची पाटी वाचा. तारीख बघायला आपण विसरतो, गाडी उचलणारे विसरत नाहीत.

भैरवी संपली की लगेच पळू नका. खासबागेच्या खाऊ गल्लीत भेळ सांगा. ती खाऊन दसरा चौकात पोचाल तोवर फाटकापाशी एखाद-दुसरीच गाडी राहिलेली असेल.