गुडघ्याचं वर्ष

घाटकोपरला मेट्रो पकडायची, डी. एन. नगरला उतरायचं आणि रिक्षानं चार बंगल्याला जायचं. बोरिवलीकरांना तर दुसऱ्या मार्गाची मेट्रो थेट डी. एन. नगरपर्यंत आणून सोडते. उपनगरातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पण याच चार बंगल्याच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात भारतीय खेळाचा बराच इतिहास वाचला, सावरला गेला आहे. मे २०१९मध्ये नीरज चोप्राच्या कोपरावर डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी इथे शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीची दोह्याची जागतिक स्पर्धा त्याची हुकली, पण जानेवारी २०२०मध्ये तो ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकला पात्र ठरला. जानेवारी २०२३मध्ये मोटार अपघातानंतर ऋषभ पंतला डेहराडूनहून विमानानं इथे आणलं आणि त्याच्या गुडघ्याची लिगामेंट जोडली. तो पुन्हा मैदानात उतरला मार्च २०२४मध्ये. मधले चौदा-पंधरा महिने क्रिकेट मंडळ त्याच्यासाठी थांबलं होतं.

मला खरी ओढ आहे ती याच दुखण्यातून जाणाऱ्या, पण कुठलंच मंडळ ज्यांच्यासाठी थांबत नाही अशा मुलामुलींची. टी. वाय.ला शिकणारी, सकाळी लेक्चर आणि संध्याकाळी क्रीडामंडळाच्या मैदानावर सराव करणारी कबड्डीची चढाईपटू. प्रतिस्पर्ध्याला हात लावून ती मध्यरेषेकडे वळते, पाय मॅटवर रुततो, अंग फिरतं आणि गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो. ज्याचं लिगामेंट गेलंय तो हा आवाज आयुष्यभर विसरत नाही.

गेलेलं असतं ते ए.सी.एल. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये तिरका ताणलेला हा बंध, लांबीला तीन-साडेतीन सेंटीमीटर, रुंदीला जेमतेम एक. तरुण माणसाचा असा बंध तुटायला प्रयोगशाळेत दोन हजार न्यूटनहून जास्त जोर लागला, म्हणजे दोनशे किलोंहून अधिक वजनाइतका. अशी दणकट गोष्ट एका वळणात तुटते, कारण त्या क्षणी स्नायू आधाराला वेळेवर पोचत नाहीत. वळणावळणाच्या खेळांत मुलींना हा धोका मुलग्यांच्या दोन-तीन पट असतो.

तुटल्यावर तो सहसा आपोआप का सांधत नाही? त्वचेवर जखम झाली की रक्त गोठतं आणि त्या गाठीच्या आधारानं नवी ऊती उभी राहते. हा बंध मात्र सांध्याच्या वंगणात बुडालेला असतो. तिथे गाठ टिकतच नाही, दोन टोकं एकमेकांकडे पोचत नाहीत. म्हणून सर्जन तिच्याच मांडीच्या मागून किंवा वाटीखालून कंडरेचा तुकडा काढतो, हाडात बोगदे पाडतो आणि तो तुकडा जुन्या बंधाच्या जागी ओवतो.

इथून पुढचं मला थक्क करून सोडतं. ओवलेला तुकडा आधी मरतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आतल्या पेशी नाहीशा होतात, उरतो तो फक्त धाग्यांचा सांगाडा. मग आजूबाजूच्या ऊतींतून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, पाठोपाठ नव्या पेशी येतात आणि जुने धागे उसवून नवे विणू लागतात. साधारण चौथ्या ते बाराव्या आठवड्यात हे उसवणं जोरात असतं, म्हणजे त्या काळात तो तुकडा बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, कुबड्या सुटलेल्या असतात, पोरगी म्हणते, “सर, आता काही दुखत नाही.” कंडरेचा पुरता बंध व्हायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. कितीही जिद्द असली तरी हे विणकाम घाईनं उरकता येत नाही.

मेंदूचं वागणं तर त्याहून अजब. सांध्यात नुसतं २०-३० मिलिलीटर पाणी साचलं, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आतल्या भागाला मिळणारा आदेश मंदावतो. स्नायू धडधाकट असतो, नसही शाबूत असते, तरी मुलीला पाय ताणून उचलता येत नाही. फिजिओ मांडीवर बोट ठेवून सांगतो, “इथे घट्ट कर.” ती कपाळावर घाम येईस्तोवर प्रयत्न करते आणि बोटाखाली काहीच हलत नाही. मग एके दिवशी तिथे बारीकशी थरथर जाणवते. घरच्यांना कळतही नाही, पण फिजिओसाठी तो दिवस पदकाचा असतो.

ऑस्लोच्या संशोधकांनी २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवाल तितका गुडघा पुन्हा जायचा धोका घटतो. एकेका महिन्याला तो जवळजवळ निम्मा होतो. त्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आणखी एक आकडा आला: खेळात परतलेल्या पंचविशीखालच्या खेळाडूंपैकी २३ टक्क्यांचं ए.सी.एल. दुसऱ्यांदा गेलं, त्याच गुडघ्याचं नाहीतर दुसऱ्याचं.

आता विद्यापीठाची दिनदर्शिका काढू. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ऑगस्टमध्ये गुडघा गेला, सूज उतरून सप्टेंबरअखेर शस्त्रक्रिया झाली, तर नऊ महिने भरतात जूनच्या शेवटी. अख्खा हंगाम गेला. आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा यांची वयोमर्यादा आहे १७ ते २५. कबड्डीच्या कुमारी गटाची मर्यादा २० वर्षं. एकोणीस वर्षांची मुलगी त्या वर्षात मुंबई उपनगरच्या कुमारी संघाची निवड चाचणी कायमची गमावते. टी. वाय. संपलं की विद्यापीठाकडून खेळायचं तर एम.ए., एम.कॉम. असा कुठलातरी पूर्णवेळ प्रवेश घ्यायचा, फी भरायची. वयाची रेघ जन्मतारखेवरून आखलेली असते, एमआरआयची तारीख तिला ठाऊक नसते. म्हणून सहाव्या महिन्यात पट्टी बांधून उतरणाऱ्या मुलीला मी उतावळी म्हणणार नाही. जिथे थांबणं सगळ्यांत गरजेचं, त्याच वयात नियम तिला पळायला लावतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळात हे कोडं वेगळ्या रीतीनं सोडवलं आहे. तिथे जन्मतारखेऐवजी हंगाम मोजण्यावर भर असायचा. पाच वर्षांत चार हंगाम, असं त्यांचं जुनं गणित. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जायबंदी झालात, त्याआधी तीन सामने किंवा ३० टक्क्यांपेक्षा जास्त खेळला नसाल आणि दुखापतीच्या वेळचे डॉक्टरांचे कागद असतील, तर तो हंगाम खेळलाच नाही असं धरता यायचं. दुखापती वारंवार झाल्या तर आणखी वर्षासाठी अर्ज करता यायचा. कॅम मॅककॉर्मिक हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू २०१६ला ऑरेगन विद्यापीठात दाखल झाला. २०१८मध्ये पहिल्याच सामन्यात त्याचा पाय मोडला, त्यापायी पुढचे हंगाम वाया गेले, २०२१मध्ये टाचेची कंडरा तुटली, आणि २०२४मध्ये तो मायामी विद्यापीठाकडून नवव्या वर्षी खेळत होता. पंचविशी ओलांडलेला मोठा गडी अठरा वर्षांच्या पोरांची जागा अडवतो अशी तक्रार तिथेही होते, आणि ती खोटी नाही. शिवाय आता तिथे पैसा आल्यामुळे एकेका वर्षासाठी खेळाडू कोर्टात जातात. तेवढं आपण घेऊ नये.

पण वयाची रेघ हलूच शकत नाही, हे मला पटत नाही. कोविडमुळे टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा पुरुष फुटबॉलची २३ वर्षांची मर्यादा २४ केली, कारण गेलेल्या वर्षात खेळाडूंची चूक नव्हती. आपल्याच राज्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ असताना प्रावीण्यप्राप्त खेळाडूला ४३पर्यंत मुभा आहे. खेळात गेलेली वर्षं सरकारी नोकरीसाठी वजा धरता येतात, मग खेळण्यासाठीच का नाही?

खोट्या दाखल्यांची भीती रास्त आहे, पण या दुखण्यापुरती ती कमी आहे. ए.सी.एल.च्या शस्त्रक्रियेचे पुरावे हाडात राहतात, बोगदे एक्स-रेवर वर्षानुवर्षं दिसतात. एमआरआयवर तारीख असते, डिस्चार्ज कार्डावर तारीख असते, त्या हंगामात ती किती सामने खेळली हे गुणपत्रिकांत असतं. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात एक टेबल, एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक फिजिओ आणि हंगामाआधी एक बैठक, एवढ्यावर हे भागेल. नियमात घालायचं वाक्यही लांबलचक नको: शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनचे १२ महिने, एकदाच, वयोमर्यादेत धरू नयेत. आणि त्या बारा महिन्यांत तिला कुठल्याही अधिकृत सामन्यात उतरवू नये.