दाढ काढल्यानंतर

दाढ काढून घरी आलेल्या माणसाला वडीलधारी मंडळी मोठ्या मायेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास सांगतात. हेतू चांगला; परंतु पहिल्या दिवशी हाच उपाय अपायकारक ठरतो. रिकाम्या खळग्यात रक्त साकळून जी गाठ बनते, तीच आतील उघड्या हाडाचे संरक्षक आवरण होय. जोराने चूळ भरल्याने, वारंवार थुंकल्याने किंवा नळीने पेय ओढल्याने ती निसटण्याचा संभव असतो.

म्हणून दंतवैद्याने ठेवलेला बोळा त्याने सांगितलेल्या वेळेपर्यंत घट्ट चावून धरावा. पहिले २४ तास चूळ भरू नये. निवलेली पेज, ताक, मऊ भात घ्यावा. विडी, तंबाखू व मशेरी कटाक्षाने टाळावी. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच चूळ भरावी.

दोन-तीन दिवस सूज राहिली तर घाबरू नये. मात्र कमी झालेला ठणका तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढून कानापर्यंत पोहोचला, किंवा बोळा दाबूनही रक्त थांबेना, तर घरगुती औषधे खळग्यात न भरता विनाविलंब दंतवैद्याकडे जावे.